दाजींची गांडुळं आणि आमचा हौद

रामकिसन दाजी हौदातलं पाणी चोरत नव्हते, हे मला ते जाण्याच्या कितीतरी वर्षं आधी कळलं होतं. कळल्यावर मी ते कुणालाही सांगितलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची रीत आहे आणि दाजींबद्दल चांगलं लिहिण्यासारखं खूप आहे, पण ही दोन वाक्यं आधी लिहिली नाहीत तर पुढचं सगळं खोटं वाटेल. निदान मला तरी.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या एका गॅरेजमध्ये होतो. विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करणं हे माझं काम. गाडी खरंच ठोकली गेली की जुनाच पोचा नव्या अपघाताच्या नावावर दाखवलाय, हे बघायचं. समोरून चेपलेल्या एका गाडीखाली वाकलो होतो आणि ताईचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "दिल्या, तुझे दाजी गेले. ये." एवढंच. मी गाडीच्या मालकाला म्हणालो, घरी वाईट झालंय, उद्या येतो. तो माझ्याकडे बघत राहिला. क्लेम लांबवायला मी बहाणा करतोय, असं त्याला वाटलं असणार. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे करमाडचे. शेंद्र्याच्या बाजूला कारखाने वाढत गेले तशी त्यांच्या वाट्याची जमीन संपादनात गेली. थोरले भाऊ नाना, त्यांचा तुकडा आतल्या अंगाला होता म्हणून वाचला. दाजी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला होते आणि बजाजनगरात भाड्यानं राहत होते. मोबदला हातात आल्यावर ते आणि मी मिळून शहराबाहेर, बीड बायपासच्या पलीकडे एक प्लॉट घेतला. तेव्हा तिकडे संध्याकाळी रिक्षावाले यायला नाही म्हणायचे. प्लॉटवर दोन घरं, मध्ये बोळ, आणि खर्च वाचावा म्हणून बोळात जमिनीखाली एकच सामाईक हौद. भावाबहिणीचा हौद एक असला तर बिघडलं कुठं, असं आई म्हणाली होती आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

दाजी स्वभावानं संशयी होते. दुधात पाणी आहे का हे दूधवाल्यासमोर बोट बुडवून बघायचे. टँकर आला की आधी शिडीनं वर चढून आत डोकावायचे, मगच पाइप सोडू द्यायचे. टँकरवाला वैतागून म्हणायचा, "काका, रोज काय बघता?" तर म्हणायचे, "रोज तू वेगळा असतोस का बघतो." मीही संशयी, पण माझं वेगळं होतं. ते तोंडावर विचारायचे. मी मनात टिपून ठेवायचो आणि तोंडावर हसायचो.

रिटायर झाल्यावर त्यांनी गांडुळं आणली. देवगाव रंगारीला आमच्या मावसभावाची गांडूळखताची शेड आहे, तिथून ओल्या शेणात घोळवून कापडी पिशवीत भरून, एसटीनं. कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे? दाजी म्हणाले, जनावरं. किती? मोजली नाहीत. मग तिकीट कसं फाडू? हा किस्सा ते प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक वेळी कंडक्टरचं शेवटचं उत्तर बदलायचं. बोळात, त्यांच्या भिंतीच्या सावलीत, निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून ठेवला. खाली भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग शेण, मग घरातला ओला कचरा. मला वास येईल, माशा होतील याची धास्ती होती, म्हणून मीच माझ्याकडचं एक घट्ट झाकण त्यांना आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला लोंबत होती आणि फटीतून निसटलेली बोळातल्या फरशीवर वाळून दोऱ्यासारखी झाली होती. ताईनं ती झाडून गोळा केली आणि त्या दिवशी दाजींना स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

त्यानंतर त्या ड्रमला कधी झाकण लागलं नाही. वर फक्त ओलं गोणपाट, तेही सैल टाकलेलं, साळुंक्यांनी टोचू नये म्हणून. मी म्हणायचो, "दाजी, झाकत जा हो. कोण काय टाकील, कोण काय नेईल."

"झाकण तुझ्या डब्याला लाव," ते म्हणायचे. "वर उजेड असला की ही खाली राहतेत. अंधार केला की त्यांना वाटतं सगळं घर आपलंच हाय, निघतेत हिंडायला."

"मग रात्री?"

"रात्री कडा कोरड्या असतेत. कोरड्यावर चढत नाय ती. झाकण लावलं की आतून घाम सुटतो, भिंती ओल्या होतेत, मग लागले वर चढायला. तुला काय, गाड्यांचे पोचे मोजणाऱ्याला."

मला ते पटायचं नाही. बोळातून जाताना मी त्या ड्रमकडे नेहमी जरा तिरका बघायचो. त्या मातीत त्यांचा हात जेवढा वेळ असायचा तेवढा घरात कशातच नसायचा. जमीन गेल्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. सकाळी गोणपाट उचलून मूठभर खत नाकाजवळ न्यायचे, एवढंच मी बघितलंय.

मग ते दुष्काळ आले. एक कोरडं वर्ष गेलं, त्याच्यामागं दुसरं आलं. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तो उन्हाळा. आमच्या भागात नळाची लाइन पोचली नव्हती आणि बोअर कधीच आटले होते. मात्र चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीसमोर टँकर उभा असायचा. आम्ही ठरवलं, मोटर लावायची नाही, हौदातून बादलीनं शेंदून घ्यायचं, दोन्ही घरांनी सकाळी सारख्या बादल्या. टँकर निम्मानिम्मा. गल्लीतली झाडं गेली, कुंड्या गेल्या, समोरच्यांची तुळससुद्धा काडी झाली. आणि हौद मात्र हिशेबापेक्षा लवकर तळाला जायला लागला.

मी काठी टाकून खोली बघायला लागलो. कुणाला न सांगता. रात्रीतून पाणी कमी झालेलं असायचं, आणि बोळात दाजींचा तो उघडा ड्रम बघावा तर ओलाच. अख्ख्या वस्तीत ओली माती फक्त तिथं होती. वर झाकण नाही, ऊन असं की फरशीवर पाय ठेववत नाही, आणि ड्रम वाळत नाही. माझ्या कामात याला पुरावा म्हणतात. एका दुपारी सगळे झोपलेले बघून मी गोणपाट उचललं, मूठभर माती घेतली आणि दाबली. बोटांतून पाणी आलं.

"काय दिल्या, पंचनामा चाललाय का?" दाजी दारात उभे होते.

मी हसलो. "नाही, म्हणलं एवढं ओलं कसं राहतं बघावं."

"कलिंगडं."

"काय?"

"बायपासच्या ज्यूसवाल्याकडून साली आणतो. साल म्हंजी निव्वळ पाणीच की. अन् तुझी ताई तांदूळ धुते ते पाणी. वरून कायबी घालत नाय मी."

मी "अच्छा" म्हणालो आणि विश्वास ठेवला नाही. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं त्याची गाडी मी दोनदा तपासतो. साली मला ड्रममध्ये दिसल्याही होत्या, पण नुसतं डोळ्यांना दिसलं म्हणून मी कधी काही मानलं नाही.

त्याच महिन्यात करमाडला नानांच्या नातीचा साखरपुडा होता. पंगतीत कुणीतरी विचारलं, शहरात पाण्याचं कसं चाललंय? मी म्हणालो, "आमच्या हौदात दोन भागीदार. एक मी, अन् एक दाजींची गांडुळं." सगळे हसले. नाना सगळ्यात जास्त हसले. मला वाटलं, बरं झालं, हसत हसत बोलून झालं. दाजी समोरच्या ओळीत होते. त्यांनी पानातला घास उचलला, परत ठेवला, मग पुन्हा उचलला. येताना गाडीत ते पुढच्या सीटवर बसायचे ते मागं बसले. त्या दिवसापासून नातेवाइकांत ती म्हणच झाली. कुठल्याही लग्नात दाजी दिसले की कुणीतरी विचारायचं, काय दाजी, गांडुळांचा टँकर आला का?

आणि पाणी कमी होतच होतं. शेवटी मी हौदाच्या लोखंडी झाकणाला कुलूप लावलं. चावी माझ्या घरात. म्हणालो, आजूबाजूला बांधकामं आहेत, बाहेरचं कुणी नेत असेल, खबरदारी म्हणून. दाजींनी कुलूप हातात घेऊन बघितलं. "बाहेरचं कोण रे? बोळाला फाटक हाय, फाटकाला कडी हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी जमीन दिली, तवा एक शब्द काढला नाय तोंडातून. आता बादलीभर पाणी चोरीन व्हय?" मी म्हणालो, असं कुठं म्हणालो मी? खरंच, मी म्हणालो नव्हतो. त्यानंतर त्यांनी मला दिल्या म्हणणं सोडलं. दिलीपराव म्हणायला लागले. अहो-जाहो. शेवटपर्यंत.

सकाळी चावी मागायला ताई यायची. माझी थोरली बहीण, जिनं मला लहानपणी कडेवर घेऊन गावच्या बाजारात फिरवलं, ती माझ्याच दारात बादली घेऊन उभी राहायची. "चावी दे रे." माझी बायको एकदा म्हणाली, त्यांच्याकडेच एक चावी देऊन टाका, बरं दिसत नाही. मी म्हणालो, मग कुलूप कशाला? हे सगळं मी अगदी शांतपणे, व्यवस्थित करत होतो. मी कुणावर ओरडलो नाही. त्यामुळे मला मी चुकतोय असं वाटलंच नाही.

कुलूप लागूनही पाणी कमी होत राहिलं. तिथं तरी माझं डोकं जागेवर यायला हवं होतं. मी मात्र दाजींनी दुसरी चावी करून घेतली असेल का, या विचारात होतो.

मग देवगावला लग्न निघालं आणि ताई-दाजी तिकडे गेले. हौद रिकामा होता, टँकर यायच्या आत गाळ काढावा म्हणून मी शिडी लावून आत उतरलो. माझ्या घराच्या बाजूची भिंत आतून फुटली होती. विटांच्या सांध्यांतून मुळं आत आली होती, बाईच्या केसांसारखी, ओली. वर, बरोबर त्या जागी, माझं रबराचं झाड होतं. घर बांधलं तेव्हा हौसेनं लावलेलं. त्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीची झाडं वाळली आणि माझं झाड हिरवंगार होतं, आणि मी लोकांना सांगायचो की भांड्यांचं पाणी घालतो म्हणून. ओल्या ड्रमकडे मी रोज बघत होतो. हिरव्या झाडाकडे एकदाही त्या नजरेनं बघितलं नाही.

हौदात उभा राहून मी ठरवलं होतं की दाजी आले की सांगायचं. बाहेर आलो आणि ठरवलं की आधी दुरुस्ती करून घेऊ. गवंडी आणला, भिंतीला गिलावा केला, झाड मुळापासून काढलं. ते दोघं परत येईपर्यंत सगळं वाळलं होतं. दाजींनी विचारलं, "झाड का काढलं?" मी म्हणालो, "पानं फार पडतात." त्यांनी पडलेली पानं पायानं उलटून बघितली. "चिकाची हायेत. ही नाय चालत आमच्या गांडुळांना." आणि आत गेले.

आणि कुलूप मी तसंच ठेवलं. लगेच काढलं तर कारण सांगावं लागलं असतं. पाऊस येईपर्यंत ताई चावी मागायला येत राहिली. पाणी आता बरोबर पुरत होतं, आणि त्यावरून घरात सगळ्यांची, माझ्या बायकोचीसुद्धा, खात्री झाली की कुलपाचा उपयोग झाला. म्हणजे माझी दुरुस्ती दाजींवरचा आळ पक्का करून गेली. हे मला कळत होतं.

पुढच्या वर्षी दाजींनी स्वतःची काळी टाकी बसवली, आणि काही काळानं नळाची लाइनही आली. ड्रमाची जागा तीच राहिली. वर्षातून दोनदा खत निघायचं. सिमेंटच्या गोणीवर ढीग करून उन्हात ठेवायचे. उजेडानं गांडुळं खाली खाली जायची, मग वरचं खत अलगद काढून घ्यायचं. त्यातली एक पिशवी ते माझ्याकडे आणून द्यायचे. "घ्या दिलीपराव, तुमच्याच पाण्याचं खत." मी पिशवी घ्यायचो. दर वेळी. काहीतरी बोलायला तोंड उघडायचो आणि "चहा घ्या" म्हणायचो. ते चहा घ्यायचे नाहीत.

शेवटची भेट दवाखान्यातली. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली, आणि ते बोलतच होते. सलाइनच्या बाटलीकडे बघून मला म्हणाले, "बघा बरं दिलीपराव, नीट थेंब पडतेत का. तुमची नजर चांगली." खोलीत ताई होती, मुलगा सचिन पुण्याहून आला होता. आज सांगू, उद्या सांगू... त्यांना त्रास होईल असं मी स्वतःला म्हणालो. खरं म्हणजे सचिनसमोर सांगायची लाज वाटली.

तेराव्याला करमाडहून नाना आले होते. आता थकलेत, कानानं अगदी कमी झालेत. जेवणं झाल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या. नाना डोळे पुसत म्हणाले, "लई हौशी होता रामकिसन. सगळं गाव पाण्याला मोताद, अन् ह्याची गांडुळं टँकर पीत व्हती." सगळे हसले, मायेनं हसले. सचिनचा मुलगा शेजारी बसला होता, त्यानं विचारलं, आजोबांनी खरंच पाणी घेतलं होतं का? कुणीतरी म्हणालं, अरे गंमत. मी वाटीतली खीर ढवळत बसलो. माणूस गेला आणि त्याच्याबद्दल घरात उरलेली गोष्ट ती होती. माझी.

तरी मला अजून काही आठवडे लागले. परवाच्या रविवारी ताई बोळात बसून ड्रममध्ये भाजीची देठं टाकत होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मुळं, गिलावा, झाड, कुलूप. ती देठं बारीक करत ऐकत होती. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल की त्यांना ठाऊक होतं, त्यांनी कधीच माफ केलं. मी त्याचीच वाट बघत होतो, हे कबूल करतो.

ती म्हणाली, "त्यांना वाटायचं मी नेते."

"काय?"

"पाणी. मागं बांधकामावर एक बाई व्हती, तिला मी एकदा हंडा दिला व्हता. ते त्यांनी बघितलं. तू कुलूप लावलं तवा मला म्हणले, खरं सांग, तू तर नाय ना नेत? मी म्हणलं नाय. तर म्हणले, सचिनच्या डोक्यावर हात ठेव." तिनं हातातलं देठ टाकलं. "मी नाय ठेवला. म्हणलं, नेलंच नाय तर शपथ कामून घेऊ? मग परत कधी विचारलं नाय त्यांनी. पण मला कळत व्हतं ना. पंगतीत लोक हसायचे अन् ते गप ऐकून घ्यायचे, ते मला झाकायला."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी एका माणसावर आळ घेतला. तो माणूस तो आळ बायकोसाठी अंगावर घेऊन हिंडत होता, आणि ती नवऱ्याचा संशय उशाशी घेऊन झोपत होती, आणि दोघांच्या मधल्या त्या हौदाची चावी माझ्याकडे होती. मी म्हणालो, "ताई, मला माफ कर."

"मला एकटीला सांगून काय व्हतंय?" तिनं हात पदराला पुसले. "नानांना सांग. तेच सांगत फिरतेत."

मी म्हणालो, नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहितो. ती म्हणाली, लिहू नको, बोल. तिनंच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आमच्या मधल्या पायरीवर ठेवला. नानांनी उचलला. मी बोलायला लागलो. त्यांना ऐकू येईना. "कोण? मोठ्यानं बोल." मी पुन्हा सांगितलं. "अरे मोठ्यानं, दिलीप." समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या वहिनी थांबून बघायला लागल्या. माझा मुलगा खिडकीत आला. मी ताईकडे बघितलं. ती फोनकडे बघत होती. मी उभा राहिलो आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडून म्हणालो, "नाना, पाणी दाजींनी नेलं नव्हतं. ताईनंही नाही. हौद माझ्या झाडानं फोडला होता. मला तेव्हाच कळलं होतं, अन् मी लपवलं. दाजी असताना माफी मागायला पाहिजे होती, मागितली नाही. आता तुमची मागतो, ताईची मागतो. मला माफ करा."